किरकोळ गुन्ह्यात ‘दंड भरून मोकळे’ होण्याआधी

प्रश्न : भाचा १९ वर्षांचा आहे, कॉलेजात शिकतो. भांडणात एकाला थोबाडीत मारली म्हणून त्याच्यावर खटला चालू आहे. ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, आजच मोकळा होशील’ असा सल्ला मिळतोय. ऐकावा का?

उत्तर : घाई करू नका. दंड ही शिक्षाच आहे. रक्कम पाचशे असो की पाच हजार, तो भरला की भाचा ‘दोषी ठरून शिक्षा झालेला’ होतो आणि पुढे नोकरीच्या पडताळणीत हेच आडवे येते.

आधी तडजोड होते का ते पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खालची साधी दुखापत असेल, तर मार खाल्लेली व्यक्ती स्वतः खटला मिटवू शकते, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. यापेक्षा चांगला शेवट नाही.

समोरचा तयार नसेल, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ कामी येतो (परिवीक्षा म्हणजे दोषी ठरल्यावर शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणे). दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा नुसत्या दंडाचा गुन्हा, शिवाय चोरी, फसवणूक अशी काही नेमकी कलमे, आणि पूर्वी एकदाही दोषी ठरलेला नसणे, एवढे जुळले तर कलम ३ खाली कोर्ट शिक्षा न देता समज देऊन सोडू शकते. हे आपोआप होत नाही, मागावे लागते. दोषी ठरल्यानंतर आणि शिक्षा सुनावण्याआधी ‘शिक्षेबाबत काय म्हणायचे आहे?’ असे विचारले जाते, तेव्हा लेखी अर्ज द्या. सोबत वयाचा दाखला, कॉलेजचे बोनाफाईड, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि ‘पूर्वी शिक्षा नाही, पूर्वी या कायद्याखाली सुटलेलो नाही’ असे प्रतिज्ञापत्र जोडा. जखमीच्या औषधपाण्याचा खर्च दिला असेल तर त्याची पावती आवर्जून लावा.

भाचा २१ च्या आत आहे, म्हणून कलम ६ सुद्धा लागू होते : कोर्टाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगात पाठवायचेच असेल तर कारणे लिहावी लागतात. वय धरले जाते ते गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे, खालच्या कोर्टात शिक्षा ठरते त्या दिवशीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले आहे. खटला रेंगाळून २१ पूर्ण झाली तर कलम ६ हातचे जाते. कलम ३ आणि (बंधपत्रावर सोडण्याच्या) कलम ४ ला मात्र वयाची अट नाही.

कलम ६ तुरुंगापासून वाचवते, दंडापासून नाही. म्हणून कलम ३ चा उल्लेख करूनच अर्ज करा. या कायद्याचा लाभ देता येत असूनही दिला नाही, तर त्याची खास कारणे निकालात नोंदवणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ ने बंधनकारक आहे. अर्जात हे कलम लिहायला विसरू नका.

आदेशाची नक्कल हातात आली की ती नीट वाचा. ‘कलम ३ अन्वये समज देऊन सोडण्यात येते’ असे स्पष्ट शब्द हवेत. कधी कधी ‘दंड रु. ५०० व कलम ३ चा लाभ’ असा खिचडी आदेश निघतो. तो चुकीचा आहे, कारण हा लाभ शिक्षेच्या ऐवजी असतो, शिक्षेसोबत नाही. कलम ५ खाली नुकसानभरपाई आणि खर्च द्यायला लावता येतो, पण तो दंड नव्हे.

प्रश्न : चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलो आहे. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाऊ शकतो का?

उत्तर : जाण्याआधी बंधपत्र आणि देखरेखीचा आदेश असेल तर तोही वाचा. कलम ४ खालचे बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे असते. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली असेल तर ती किमान एक वर्षाची असते आणि तिच्यात राहण्याच्या जागेबद्दल अट असू शकते. अशी अट असेल तर आधी कोर्टाकडून ती बदलून घ्या. न कळवता गेलात आणि समन्स जुन्या पत्त्यावरून परत आले, तर वॉरंट निघू शकते. पहिल्या चुकीला बंधपत्र कायम ठेवून फक्त पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभा कोर्टाला आहे. पण ते मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकते, आणि ती दिली की कलम १२ चे (दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासूनचे) संरक्षण संपते.

प्रश्न : समज देऊन सुटलेल्याने नोकरीच्या फॉर्मवर ‘दोषी ठरला होता का?’ याचे उत्तर काय द्यावे?

उत्तर : खरे तेच. भारतात या कायद्याने शिक्षा टळते, दोषसिद्धी पुसली जात नाही. १९९० च्या बक्षी राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. कलम १२ एवढेच करते की दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता तुम्हाला लागत नाही. तेव्हा ‘हो’ लिहा, पुढे कलम ३ आणि कलम १२ चा उल्लेख करा आणि नक्कल जोडा. किरकोळ प्रकरण लपवल्याने होणारे नुकसान मूळ प्रकरणापेक्षा मोठे असते.

आधीपासून सरकारी नोकरीत असाल तर कलम १२ विभागीय कारवाई रोखत नाही. मात्र ती प्रमाणात हवी. शंकर दास यांची बडतर्फी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर रद्द केली.

प्रश्न : न्यूझीलंडमधला नातेवाईक म्हणतो, तिथे दोषी न ठरवताच सोडतात. खरे का?

उत्तर : खरे आहे. तिथल्या २००२ च्या शिक्षाविषयक कायद्याच्या कलम १०६ खाली सुटका झाली की ती निर्दोष सुटल्यासारखी धरतात. त्यासाठी दोषसिद्धीचे परिणाम गुन्ह्याच्या गांभीर्याच्या मानाने फारच जास्त आहेत, हे पटवावे लागते. कॅनडातही दंडसंहितेच्या कलम ७३० खाली सुटलेला माणूस दोषी ठरलाच नाही असे मानतात. आपल्याकडेही पहिल्याच क्षुल्लक चुकीसाठी अशी सोय हवी, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : कोणत्या गुन्ह्यांत आपल्याकडे परिवीक्षेचा लाभ मिळत नाही?

उत्तर : फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात (काही अपवाद सोडून) आणि अॅट्रॉसिटी कायद्यात १८ वर्षांवरील दोषींना नाही. बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवला असेल तर तो सहसा देऊ नये, असे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे.

चोरीत आणखी एक बारकावा आहे. पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, तर आता सामुदायिक सेवा सांगितली जाते. ऐकायला सौम्य वाटते, पण ती शिक्षाच आहे. तिथेही आधी कलम ३ मागा.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वीच गुन्हा कबूल करून दंड भरला. आता काही करता येईल का?

उत्तर : कबुलीवर शिक्षा झाली असेल तर अपिलात फक्त शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता यावरच बोलता येते. तरीही परिवीक्षेचा लाभ देण्याचा अधिकार कलम ११ ने अपिलाच्या कोर्टालाही आहे. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. फार किरकोळ दंडावर अपील होत नाही, तिथे फेरतपासणी अर्जाचा मार्ग वकिलाला विचारा. नक्कलेचा अर्ज मात्र आजच टाका.