पोरगा म्हणतो, चिपमध्ये प्रकाश घालतो

पत्र: मी महावितरणमध्ये आहे. मुलगा नागपुरातच ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाला. वर्गातली सगळी पोरं जावा आणि कोडिंगचे क्लास करून राहिली, आणि हा म्हणतो मला इंटिग्रेटेड फोटॉनिक्समध्ये, म्हणजे चिपवरच प्रकाश खेळवण्याच्या कामात जायचं. पुढचे कंप्युटर तारेवर नाही, प्रकाशावर चालतील. सीजीपीए ७.६ आहे. फील्ड थिअरीत (विद्युतचुंबकीय लहरींचा विषय) एक बॅक लागला होता, तो सुटला. एका क्लासवाल्याने दीड लाखाचा 'एआय विथ प्लेसमेंट' कोर्स सुचवला आहे. हे प्रकाशाचं खूळ आहे की यात खरंच काही आहे? नोकरी नागपुरात मिळेल का?
— एक पालक, मानेवाडा

भाऊ, खूळ नाही. पण पोराने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. हिशेब ट्रान्झिस्टरच करणार, तेही विजेवरच. आज प्रकाशाला जे काम मिळतं आहे ते हमालीचं: एका चिपची माहिती दुसऱ्या चिपपर्यंत नेऊन टाकायची.

तारेचं दुखणं तुम्हाला मी काय समजावणार? फक्त तुमचा करंट ५० हर्ट्झचा, आणि डेटा सेंटरच्या केबलमधला सिग्नल सेकंदाला अब्जावधी वेळा बदलणारा. तो तांब्याच्या पोटातून जातच नाही, कडेकडेने सरकतो, आणि भोवतालचं इन्सुलेशनही त्याला खातं. तारांच्या एका जोडीवरून सेकंदाला २०० गिगाबिट न्यायचे म्हटले, तर साध्या तांब्याच्या केबलचा दम मीटर-दोन मीटरमध्ये संपतो. इकडे एआयचं मोठं मॉडेल हजारो चिपवर वाटलेलं असतं आणि त्या चिप सतत एकमेकींशी बोलत असतात. गूगलच्या टीपीयू व्ही४ या एआय चिपच्या यंत्रणेत ४,०९६ चिप एकत्र काम करतात; त्यांच्या रॅक-रॅकमधल्या (रॅक म्हणजे चिप मांडलेलं कपाट) जोडण्या फायबरच्या आहेत आणि प्रकाश कुठे वळवायचा ते बारीक हलते आरसे ठरवतात. मार्च २०२५ मध्ये चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने असे नेटवर्क स्विच (माहितीला वाट दाखवणाऱ्या पेट्या) जाहीर केले, ज्यांत विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारा भाग मुख्य चिपच्या अगदी शेजारी आणून बसवला आहे.

तरी तांबं हरलेलं नाही, हे पोराला जरूर सांगा. त्याच एनव्हिडियाच्या एनव्हीएल७२ रॅकमध्ये ७२ जीपीयू (एआयचे हिशेब करणाऱ्या चिप) ५,००० हून जास्त तांब्याच्या केबलींनी जोडलेले आहेत. अंतर कमी, आणि साधी केबल स्वतः वीज मागत नाही. वेग सगळेच सांगतात. एक बिट न्यायला वीज किती लागली, यावर या धंद्यातली खरी झुंज चालते.

मी या सल्ल्याच्या खुर्चीत बसण्याआधी काही वर्षं टेलिकॉममध्ये होतो. वर्धा रोडवर चेंबरशेजारी छत्री लावून फायबर जोडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फायबर सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक सरळ कापायचं, मशीनमध्ये ठेवायचं. दोन टोकं समोरासमोर आली की बारीकशी ठिणगी, आणि काच काचेत वितळते. त्या काचेचा ज्यातून प्रकाश जातो तो गाभा साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). धुळीचा एक कण बसला की सगळं पहिल्यापासून. आता सिलिकॉन चिपवरची प्रकाशाची वाट बघा: रुंदी जेमतेम अर्धा मायक्रॉन. त्या फायबरमधला प्रकाश या वाटेत घालायचा, तोही कारखान्यात हजारो वेळा, आणि वर्षानुवर्षं हलता कामा नये. भर आणखी अशी की सिलिकॉनला स्वतःला धड उजेड पाडता येत नाही. लेझर इंडियम फॉस्फाइडसारख्या दुसऱ्या पदार्थाचा आणून जोडावा लागतो. जोडणी, पॅकेजिंग (चिप, फायबर, लेझर एकत्र नीट बसवणं), टेस्टिंग यांतच खर्चाचा मोठा वाटा जातो, पण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला 'डिझाइन'च करायचं असतं. तुमच्या मुलाने पॅकेजिंगचं नाव काढलं तर मला जास्त आनंद होईल.

आता बॅकबद्दल. तो सुटला हे तुम्ही लिहिलंत, तो लागला का हे नाही लिहिलं. आजारी होता, पाठांतरावर गेला, की फील्ड थिअरीचा पाया असलेली मॅक्सवेलची समीकरणं त्याला नकोशी होतात? पहिली दोन कारणं असतील तर विसरून जा. तिसरं असेल तर बापाने आत्ताच विचारलेलं बरं, कारण फोटॉनिक्स म्हणजे सकाळ-संध्याकाळ फील्ड थिअरीच.

माझी एक परीक्षा आहे. केलेआउट (चिपचा आराखडा काढायला) आणि मीप (त्यात प्रकाश कसा वागतो ते बघायला) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एका सुट्टीत त्याने रिंग रेझोनेटर काढावा, म्हणजे वाटेशेजारी छोटंसं वर्तुळ, जे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश उचलतं. मग तापमान एका अंशाने वाढवून बघावं. ती तरंगलांबी ०.०८ नॅनोमीटरच्या आसपास सरकते. एवढ्याशाने काय होतं, असं त्याला विचारा. जीपीयूशेजारची जागा आपल्या मे महिन्याहून तापट असते. तिथे ते वर्तुळ जागेवर ठेवायला हीटर लागतो, हीटरला सांभाळणारं सर्किट लागतं, आणि ते सर्किट ईएनटीसीवालाच करतो. हे त्याने तुम्हाला कागदावर, तुमच्या भाषेत समजावलं तर पोरगा या कामाचा आहे.

रस्ता लांब आहे. बी.ई.वर या विषयातली नोकरी जवळपास नाही. गेट ही प्रवेश परीक्षा, मग एम.टेक., बऱ्याचदा पीएच.डी. आयआयटी मद्रासमध्ये याच विषयाचं केंद्र आहे, बंगळुरूच्या आयआयएससीत आणि आयआयटी मुंबईत स्वतःच्या फॅब्रिकेशनच्या, म्हणजे चिप घडवण्याच्या सोयी आहेत. गेटवरून एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात, पीएच.डी.च्या फेलोशिपला सुरुवातीला ३७,००० आणि घरभाडं वेगळं. म्हणजे घरावर ओझं नाही, पण पाच-सहा वर्षं घरात पैसाही येणार नाही. हे धाकट्या भावंडांचं शिक्षण धरून मोजा. पगाराचा आकडा मी मुद्दाम देत नाही. मोजक्या जागांच्या सरासरीला काही अर्थ नसतो.

नागपुरात? नाही. बंगळुरू, नाहीतर परदेश.

दीड लाखाचा कोर्स घेऊ नका. 'प्लेसमेंट'च्या भरवशावर फी भरून बसलेले पालक माझ्यासमोर रडलेले आहेत. पण पायथन त्याने शिकावंच, फुकट शिकावं. मीप चालवायलाही तेच कामी येतं, आणि फोटॉनिक्स जमलं नाही तर पोट त्यावर भरेल. गेट तिसऱ्या वर्षालाही देता येते, गुण तीन वर्षं चालतात. फॉर्म साधारण ऑगस्टअखेर निघतात.

तोवर फील्ड थिअरीची ती जुनी वही रद्दीत गेली नसेल तर काढायला सांगा.