स्टील्सचे सौदे राहू द्या, आधी कंपनीचे ३,६०० डॉलर घ्या

प्रश्न: वय ३४, न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर नोकरी, पगार १,२०,००० डॉलर. पत्नी घरी असते, मुलगी तीन वर्षांची. दोन महिन्यांत प्रेडिक्शन मार्केटवर (एखादी गोष्ट घडेल की नाही यावर काँट्रॅक्ट घ्यायचं, खरं ठरलं तर त्याचा १ डॉलर, नाही तर शून्य) एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या खेळाडूंच्या स्टील्सचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावण्याच्या आकड्यांचे, शंभरेक सौदे केले, प्रत्येकी १०० काँट्रॅक्ट, बहुतेक ५० सेंटच्या आसपास. ४,००० डॉलरचे ४,६०० झाले. ४०१ के (नोकरीतलं निवृत्ती खातं) मधून १५,००० कर्ज काढून रक्कम वाढवू का? ४०१ के मध्ये भरणं दोन वर्षांपूर्वी थांबवलं, कारण आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) पॉलिसीत महिन्याला ५०० जातात. कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते. बँकेत ५,००० आहेत, भाडं २,४००.

उत्तर: कर्ज काढू नका. ५० सेंटला १०० काँट्रॅक्ट असे १०० सौदे केले, तर नुसत्या नशिबाने ५०० डॉलर इकडे किंवा तिकडे होतात. तुमचे ६०० त्याच्या फार पुढे नाहीत. त्यावरून कौशल्य सिद्ध होत नाही.

आता भाव पाहा. सामन्याला सरासरी दीड स्टील करणारा खेळाडू दोन किंवा जास्त स्टील्स करण्याची शक्यता साधारण ४४ टक्के. त्याचं 'हो' ५० सेंटला घेतलं की ६ सेंट तिथेच गेले. काल्शी या प्रेडिक्शन मार्केटच्या नेहमीच्या सूत्राने (०.०७ × भाव × १ डॉलरला उरलेला भाव) शुल्क पावणेदोन सेंट. म्हणजे ५० सेंटमागे जवळपास ८ सेंट तोटा. शिवाय बचावपटूने हात लावलेला चेंडू बाहेर गेला तर स्टील धरत नाहीत. दोघांचा हात लागला तर श्रेय कोणाला, हे स्कोअररच्या टेबलावर ठरतं, आणि लीग नंतर आकडा बदलूही शकते. सामना एकतर्फी झाला की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बसवतो. 'कमी'ची, म्हणजे खेळाडू तो आकडा गाठणार नाही यावर पैसे लावण्याची, बाजूही सुरक्षित नाही. २०२४ मध्ये टोरंटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर सामन्यातून लवकर बाहेर पडणार हे त्याच्या आकड्यांवर 'कमी' लावणाऱ्या साथीदारांना आधीच ठाऊक होतं. एनबीएने त्याच्यावर आजीवन बंदी घातली. समोर असा माहीतगार असेल तर तुमचा हिशेब कितीही बरोबर असून उपयोग नाही.

पण तुमचं खरं नुकसान या सौद्यांत नाही. पगाराचे ६ टक्के म्हणजे ७,२००. त्यावर कंपनी ३,६०० देते. दोन वर्षांत ७,२०० डॉलर तुम्ही घेतलेच नाहीत. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच. आणि तेही कशासाठी? आययूएलसाठी! त्या पॉलिसीत निर्देशांकाच्या वाढीला वरून मर्यादा असते, लाभांश मिळत नाही, विम्याचा खर्च वयाबरोबर चढतो, आणि सुरुवातीची दहा-पंधरा वर्षं सोडायला गेलात तर कापून घेतात. एजंटने दाखवलेला चढता तक्ता म्हणजे अंदाज, हमी नव्हे. तीन वर्षांच्या मुलीच्या बापाला हे विकणाऱ्याचा मला रागच येतो.

तुम्हाला विमा हवा आहे, आणि भरपूर हवा आहे. निरोगी आणि धूम्रपान न करणाऱ्याला तुमच्या वयात ५ लाख डॉलरचा २० वर्षांचा टर्म विमा साधारण ३० डॉलर महिन्यात मिळतो. आधी तो मंजूर करून घ्या, पहिला हप्ता भरा, मगच आययूएल सोडा. उलट क्रमाने केलंत आणि तपासणीत काही निघालं तर घर उघड्यावर पडेल. सोडण्यापूर्वी कंपनीकडून आजचं सरेंडर मूल्य लेखी मागवा. भरलेल्या १२,०००पैकी थोडेच हातात येतील. गेलेले पैसे वाचवायला पुढचे ५०० भरत राहू नका.

टर्मची वाट न पाहता ४०१ के चे ६ टक्के येत्या पगारापासूनच सुरू करा, त्याला आययूएल सुटण्याची गरज नाही. कर वाचत असल्याने हाती येणारा पगार महिन्याला पाचशेच्या आसपास कमी होईल, म्हणजे जवळपास आययूएलचाच हप्ता. एक-दोन महिने दोन्ही भरावं लागेल, ते चालेल. कंपनीची भर किती वर्षांनी पूर्ण तुमची होते, ते मात्र एचआरला विचारा.

नोकरी गेली तर एच-१बीवर नवा मालक शोधायला ६० दिवस असतात. ४०१ के चं कर्ज उरलं असेल तर ते पुढच्या वर्षीच्या कर विवरणाच्या मुदतीआधी फेडावं लागतं. नाही तर त्यावर कर लागतो, आणि तुमच्या वयात १० टक्के दंडही. बँकेतल्या ५,०००मध्ये दोन महिन्यांचं भाडं कसंबसं भागेल, किराणा नाही. म्हणून ते ४,६०० या आठवड्यात काढून बचत खात्यात टाका आणि १५,००० होईपर्यंत त्यात भर घालत राहा.