जुन्या बीएमपीला रिमोट बसवला की बिनमाणसी लढाऊ गाडी तयार. मग एवढी वर्षं का लागतात?

वरचा प्रश्न मला विचारलाय. बीएमपी म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, सैनिक नेणारी सोव्हिएत चिलखती गाडी. प्रश्नाच्या शेवटी असंही विचारलंय की मेकॅट्रॉनिक्स करून या क्षेत्रात यावं का. त्याकडे नंतर येतो. आधी ते ‘रिमोट बसवला की झालं’. हे वाक्य मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलंय, त्यांच्यातल्या एकानेही निसटलेला पट्टा हाताने परत चढवलेला नाही.

रिमोट बसवणं खरंच अवघड नाही. स्टिअरिंग, क्लच, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर, प्रत्येकाला एक ॲक्च्युएटर (संकेत मिळाला की तो भाग हलवणारं यंत्र) द्या, चहूबाजूंनी कॅमेरे लावा, रेडिओ जोडा. सोव्हिएत सैन्याने १९३९-४० च्या फिनलंडच्या लढाईत टी-२६ रणगाडे रेडिओवर चालवले होते. मागच्या रणगाड्यात माणूस बसायचा आणि ५०० ते १५०० मीटरवरून पुढचा हाकायचा. तेव्हा ट्रान्झिस्टरही जन्माला आला नव्हता. आपल्याकडे चेन्नईजवळच्या अवाडीतल्या सीव्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये बीएमपी-२ च्याच सांगाड्यावर मुंत्रा ही बिनमाणसी गाडी दाखवली: एक टेहळणीची, एक सुरुंग शोधणारी, एक अणु-जैविक दूषित भागाची पाहणी करणारी. गाडी माणसाशिवाय चालते याबद्दल आता वाद नाही.

बीएमपीत चालक, गनर आणि कमांडर असे तिघे असतात. त्यांना उतरवलं म्हणजे स्टिअरिंग धरणारे हात गेले, एवढंच लोकांना दिसतं. प्रत्यक्षात गाडीबरोबर फिरणारे तीन मेकॅनिक उतरलेले असतात.

पट्ट्याचंच घ्या. पट्टा ढिला झाला की तो वरच्या रोलरवर आपटायला लागतो. आवाज बदलतो, मुरलेल्या चालकाला ते सीटखालून कळतं. तो वळणं मोठी घेतो, उतारावर आडवा असताना वळत नाही, आडोसा बघून थांबतो आणि आयडलर (पट्टा ताणून धरणारं टोकाचं चाक) मागे सरकवून ताण नीट करून घेतो. स्क्रीनसमोर बसलेल्याला फक्त रस्ता दिसतो. तो आडव्या उतारावर बिनधास्त वळतो. स्प्रॉकेटच्या (पट्टा ओढणाऱ्या चाकाच्या) दातांत चिखल आणि खडे आधीच घट्ट बसलेले असतात. शूचे (पट्ट्याच्या कड्यांचे) मधले दात रोड व्हीलवर (वजन पेलणाऱ्या चाकांवर) चढतात आणि पट्टा बाहेर. आता एकच पट्टा ओढतोय, म्हणजे गाडी घाण्याच्या बैलासारखी गोल फिरणार. माणसं असती तर पहार, पाने, दोन-चार शिव्या, आणि गाडी परत मार्गाला लागली असती. माणसं नाहीत, मग शत्रूसमोर चौदा टनांचं लोखंड उभं.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर सीरियात काय झालं ते बघा. रशियाने २०१८ मध्ये तिथे उरान-९ ही बिनमाणसी लढाऊ गाडी नेली. दहा-बारा टनांची गाडी, ३० मिमीची २ए७२ तोफ, जोडीला मशीनगन, अताका क्षेपणास्त्रं. माहितीपत्रकात सगळं झकास होतं. त्याच वर्षी रशियाच्याच एका लष्करी संशोधन संस्थेच्या तज्ज्ञाने परिषदेत हिशोब मांडला. काही किलोमीटरवरून चालायला हवी होती, ती बैठ्या घरांच्या वस्तीत ३०० ते ५०० मीटरपर्यंतच ताब्यात राहिली. १७ वेळा मिनिटभरापर्यंत संपर्क तुटला, २ वेळा दीड तासापर्यंत. तोफ ६ वेळा उशिरा उडाली, एकदा उडालीच नाही. लक्ष्य ६ किलोमीटरवरून दिसायला हवं होतं, ते २ किलोमीटरच्या आतच दिसलं. चालता चालता नेमका मारा जमेना. आणि रोलर व सस्पेन्शनच्या स्प्रिंगा कच्च्या निघाल्या, मैदानातच दुरुस्ती करत बसावं लागलं.

ही यादी दुसऱ्यांदा वाचा. यात ‘बुद्धी कमी पडली’ असं कुठेही नाही. रेडिओ, तोफ, दुर्बीण, रोलर. सगळा जुनाच माल, फक्त शेजारी बसून तो चालता ठेवणारं कोणी नव्हतं. तोफेत जाणारी गोळ्यांची माळ अडकली की गनर ती मोकळी करतो. रोबोटमध्ये अडकलेली गोळी म्हणजे त्या दिवसाची मोहीम संपली.

रेडिओचं गणित सांगतो, कारण ड्रोनवाले इथेच फसतात. ‘आमचा तोच रेडिओ पाच किलोमीटर चालतो’ म्हणतात. चालतो, कारण त्यांचा अँटेना शंभर मीटर उंचीवर असतो. २.४ गिगाहर्ट्‌झवर १ किलोमीटरच्या दुव्याला मध्यभागी साधारण साडेपाच मीटर त्रिज्येची फ्रेनेल पट्टी (लाटेला दोन अँटेनांच्या मध्ये लागणारी फुगीर जागा) लागते, आणि तिच्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे सव्वातीन मीटरच्या थोडं वर, मोकळा हवा. गाडीवरचा अँटेना जमिनीपासून दीड-दोन मीटरवर. पट्टीचा मोठा भाग जमिनीतच गाडला गेला. वारंवारिता कमी केली तर लाट झाडाझुडपांतून बरी जाते, पण ही पट्टी आणखी जाड होते. उपाय मुख्यतः दोन: वर एक ड्रोन ठेवून त्याच्यामार्फत संपर्क, नाहीतर मागे तार. तारेचं दुखणंही जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या गोलियाथ या तारेवर चालणाऱ्या छोट्या स्फोटक गाडीला ६५० मीटर केबल होती, १९४४ च्या उठावात वॉर्साच्या लोकांनी ती सरळ तोडायला सुरुवात केली.

संपर्क तुटल्यावर गाडीने काय करावं हा माझा दुसरा जुना वाद. ड्रोनवाल्यांचं ठरलेलं उत्तर, ‘घरी परत’. आकाशात ठीक आहे. जमिनीवर जीपीएसची तीन मीटरची चूक म्हणजे बांध की कालवा एवढा फरक, आणि जो रेडिओ जॅम करतो तो जीपीएस सोडत नाही. अर्धा सेकंद संकेत आला नाही की आधी शस्त्राचा रिले (वीज तोडणारा स्विच) पडला पाहिजे, मग मोटर बंद, मग ब्रेक. ब्रेक स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा हवा. उलटा बसवलात तर वीज गेल्यावर गाडी उतारावरून तोफेसकट खाली येईल. ठरलेला वेळ गेला की मग स्वतःच्याच चाकोरीतून हळू मागे. यापेक्षा जास्त हुशारी नको.

मोटर निवडताना होणारी चूकही सांगून टाकतो. दीड टनाची गाडी, जमिनीला टेकलेला पट्टा १.८ मीटर, दोन पट्ट्यांच्या मध्यांत १.२ मीटर अंतर. सपाट मातीवर सरळ जायला प्रत्येक पट्ट्याला सुमारे ६०० न्यूटन पुरतात. तीच गाडी कोरड्या, घट्ट जमिनीवर जागच्या जागी वळवा: घर्षणांक ०.७ धरला तर घसरणीचा विरोध (घर्षणांक × वजन × लांबी ÷ ४) ४,६०० न्यूटन-मीटरच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक पट्ट्यावर ३,८०० न्यूटनांच्या वर. सहा पटींहून जास्त. करंटही जवळपास त्याच पटीत. सरळ चालीवर मोटर आणि कंट्रोलर निवडणारे पहिल्याच वळणाला धूर काढतात, आणि मग दोष सॉफ्टवेअरवर ढकलतात.

‘एआय आलं की रेडिओच लागणार नाही’ म्हणणाऱ्यांनाही एवढंच विचारतो: पट्ट्याचा ताण एआय कशाने मोजणार? टेन्शनरवर लोडसेल (जोर मोजणारा सेन्सर) बसवलाय का? बेअरिंगला तापमानाचा सेन्सर? नसेल तर ती गाडी बहिरीच.

आता दुसरी बाजू, नाहीतर कोणीतरी खाली युक्रेन काढेलच. तिथे पट्ट्यावरच्या छोट्या गाड्या दारूगोळा नेतात, जखमी आणतात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खार्किवजवळ लिप्त्सीला फक्त जमिनीवरचे रोबोट आणि ड्रोन घेऊन हल्लाही झाला. पण या गाड्या स्वस्त आहेत. पट्टा गेला तर सोडून देतात, दुसरी पाठवतात. मेकॅनिक नसण्याचा प्रश्न त्यांनी गाडीची किंमत पाडून सोडवला. एस्टोनियाची थेमिस ही गाडीही मुळापासून माणसाशिवाय आखलेली: इंजिन एका पट्ट्याच्या पेटीत, बॅटऱ्या दुसऱ्या, मधली जागा मालाला, वजन दीड टनाच्या थोडं वर. जुन्या बीएमपीत मात्र माणसांसाठी ठेवलेली उंची आणि माणसांसाठी चढवलेलं चिलखत तुम्ही रिकामंच ओढत राहता. सुरुंग शोधायला ती चालेल, कारण तिथे गाडी गमवायची तयारी ठेवलेलीच असते.

करिअरचं म्हणाल तर या. दिघीची आर अँड डीई, अहिल्यानगरची व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, इथे आपल्याच भागात ही कामं चालतात. प्रोजेक्ट करणार असाल तर कॅमेऱ्याच्या आधी पट्टा तयार करा. दोन्ही मोटरांना करंट मीटर लावा, गाडीवर पूर्ण वजन ठेवा, कोरड्या मुरुमावर आणि मग चिकट काळ्या मातीत दहा-दहा वेळा जागच्या जागी फिरवा. दरवेळचा सर्वांत मोठा करंट लिहा, पट्टा किती सैल झाला ते पट्टीने मोजा. मोटर त्यानंतर विकत घ्या.