जेनेरिक मेटफॉर्मिन पाण्यात विरघळत नाही, चूर्णाने मात्र साखर उतरली. गोळी बनावट असेल का?

तुमच्या प्रश्नात बऱ्याच गोष्टी आहेत. आईची मधुमेहावरची ब्रँडेड गोळी, मेटफॉर्मिन ५०० एसआर, बंद करून जेनेरिक, म्हणजे तेच औषध ब्रँडच्या नावाशिवाय, सुरू केलं. ती गोळी पाण्याच्या ग्लासात टाकली तर विरघळायच्या ऐवजी फुगून जेलीसारखी झाली, आणि तिला मासळीसारखा वास येतो. उलट त्र्यंबक रोडवर घेतलेल्या मधुमेहाच्या चूर्णाने थोड्याच दिवसांत साखर उतरली, म्हणून आता गोळी सोडून चूर्ण आणि गुळवेलीचा काढा एवढंच ठेवायचा विचार आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, की हल्ली पहाटे आईला दरदरून घाम येतो, हात थरथरतात.

मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या ओळीची वाटते, म्हणून आधी तेच. ही साखर फार खाली गेल्याची लक्षणं असू शकतात. ग्लुकोमीटर आजपासून आईच्या उशाशी ठेवा. पुन्हा असं झालं की लगेच तपासा. आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. मीटर हाताशी नसेल तर तपासण्यात वेळ न घालवता साखर द्या. आई बरळत असेल, गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि तोवर चूर्ण बंद. उद्याच डॉक्टरांना दाखवा.

चूर्णावर माझा संशय का, ते सांगते. नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला काम करते, मेटफॉर्मिन आमच्या टेबलावर नेहमी असते. हे औषध मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही. म्हणून नुसत्या मेटफॉर्मिनने साखर धोक्याइतकी खाली जाणं विरळा. आईला दुसरी कुठलीच गोळी चालू नसेल, तर हा घाम कुठून आला याचं उत्तर त्या पुडीत शोधायला हवं.

मधुमेहावरच्या ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचं ॲलोपॅथिक औषध सापडल्याची प्रकरणं अनेक देशांत नोंदली गेली आहेत. आपल्याकडेही अशी भेसळ पकडली गेली आहे. ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाकडून जबरदस्तीने इन्सुलिन काढतं. त्याच्या एका गोळीत औषध असतं ५ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या दाण्याचा जेमतेम चौथा हिस्सा. कारलं, जांभूळबी, कडू किराईत यांच्या कडू भुकटीत ते मिसळलं तर ना डोळ्याला दिसणार ना जिभेला कळणार. साखर मात्र झपाट्याने उतरणार, आणि घेणारा दहा जणांना सांगणार की चूर्णाचा गुण आला. त्याचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. म्हणून साखर पाजून आकडा वर आला तरी काही तासांनी तो पुन्हा कोसळू शकतो. वय झालेल्या, किडनी थोडी मंदावलेल्या माणसाला हे फार महागात पडतं. त्यात एकादशी-चतुर्थीचा उपवास आला तर विचारूच नका. तुमची पुडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यात हेच आहे असं मी म्हणत नाही. पण बिननावाच्या चूर्णाने साखर अशी भराभर उतरली, की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो.

आता गोळीकडे. तुमच्या ग्लासात जे घडलं ते एसआर गोळीत घडायलाच हवं होतं. एसआर म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी. तिच्यात असा घटक असतो की तो पाणी शोषून फुगतो, त्याची जेली होते आणि त्या जेलीतून औषध तासन् तास झिरपत राहतं. कधी कधी औषध संपलेला तो मऊ सांगाडा शौचातून बाहेर पडतो आणि लोक घाबरतात, की गोळी पचलीच नाही. औषध केव्हाच रक्तात गेलेलं असतं. वासाचंही तसंच, मेटफॉर्मिनला मुळातच माशासारखा वास असतो, कुठल्याही ब्रँडची असो.

मात्र एक गोष्ट नीट बघा. जुन्या आणि नव्या स्ट्रिपा शेजारी ठेवा. दोन्हीवर एसआर, ईआर, एक्सआर किंवा प्रोलाँग्ड रिलीज यांपैकी काहीतरी लिहिलेलं हवं. बदलून देताना साधी गोळी हातात येऊ शकते, मग पोट बिघडतं आणि दोष जेनेरिकला मिळतो. एसआर गोळी तोडून, कुटून द्यायची नाही, एवढंही आईला सांगून ठेवा.

गोळीचा दर्जा ग्लासात कळत नाही. आम्ही साध्या मेटफॉर्मिनच्या सहा गोळ्या ३७ अंशांच्या द्रावणात ठरावीक वेगाने ढवळतो आणि पाऊण तासात किती औषध बाहेर आलं ते यंत्रावर मोजतो. एसआरला हेच तासातासाने मोजायचं, पहिल्या तासात फार सुटलं तरी बॅच नापास. ही तपासणी जेनेरिकलाही तीच आणि महागड्या ब्रँडलाही तीच. एकाच कारखान्यात दोन्हींची पाकिटं भरली जातात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला नापास औषधांची यादी बॅच नंबरासकट जाहीर करतात, आणि तिच्यात स्वस्त-महाग दोन्ही असतात. शंका असेल तर बिल आणि न फोडलेली स्ट्रिप ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात तक्रार करा. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहकाला फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येतं.

वनस्पतींशी माझं वैर नाही. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा या झाडापर्यंत जातं, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पण झाडातलं नेमकं काय, किती आणि कुणाला द्यायचं, हे ठरवूनच त्याचं औषध झालं. गुळवेलीचंच बघा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचा अहवाल छापला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की तिच्याच जातकुळीतल्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीशी गल्लत झाली असेल. वाद बाजूला ठेवला तरी वाळलेले तुकडे बघून वेल ओळखणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. त्यात गुळवेलही थोडी साखर उतरवते. काढा चालू ठेवायचा असेल तर वैद्यांना विचारून, आणि यकृताची तपासणी करून घेऊनच.

वैद्य स्वतःच्या रुग्णाला औषध बनवून देऊ शकतात. पण विकायला ठेवलेल्या आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापणं बंधनकारक आहे. तुमच्या पुडीवर यातलं काही आहे का? नसेल तरी ती फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही स्ट्रिपा, पुडी आणि पहाटेच्या आकड्यांची वही घेऊन जा. चूर्ण घेतल्याचं आई संकोचाने सांगणार नाही, तेव्हा तुम्हीच आधी सांगा. ते कळलं नाही तर डॉक्टर मेटफॉर्मिनचाच डोस कमी करतील, आणि पुढे चूर्ण सुटलं की साखर परत वर जाईल.