जुन्या संघाविरुद्धचा गोल आणि ‘जागणे’

प्रश्न असा आहे: आपल्याच जुन्या संघाविरुद्ध गोल केल्यावर जल्लोष टाळणाऱ्या फुटबॉलपटूने ‘खिलाडूवृत्ती दाखवली’ म्हणावं, की ‘निष्ठा दाखवली’? आणि ‘माजी सहकारी’ऐवजी ‘सवंगडी’ चालेल का?

माझ्या मते पहिल्या दोन्ही शब्दांनी नेम थोडा चुकतो.

अर्जेंटिनाचा आघाडीवीर गाब्रिएल बातिस्तुता नऊ हंगाम इटलीतल्या फिओरेंतिना या क्लबकडून खेळला. १९९३ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हाही त्याने संघ सोडला नाही. २००० मध्ये तो इटलीतल्याच रोमा या क्लबकडे गेला आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला रोममध्ये फिओरेंतिनाच समोर उभी ठाकली. सामना संपत आला होता, गोलफलक कोरा होता. बातिस्तुताने लांबूनच असा काही फटका हाणला की चेंडू थेट जाळ्यात. रोमा १-० ने जिंकली. नवे सहकारी धावत येऊन गळ्यात पडत होते आणि याचे डोळे भरून आले होते.

याला ‘निष्ठा’ म्हणणं मला पटत नाही. त्या क्षणी त्याची निष्ठा रोमावरच होती, म्हणून तर गोल झाला! तो चेंडू त्याने मुद्दाम बाहेर मारला असता तर ती बेइमानी ठरली असती. जुन्या संघाबद्दल होती ती जाण, माया. आणि हे दोन्ही पेलणारं क्रियापद मराठीत आहे: ‘जागणे’. आपण मिठाला जागतो, तसेच दिल्या शब्दाला, मैत्रीला, ऋणानुबंधालाही जागतो. बातिस्तुता गोल करून रोमाच्या मिठाला जागला आणि जल्लोष आवरून फिओरेंतिनाच्या ऋणानुबंधाला. इतकं नेमकं ‘निष्ठा’ या नामातून साधत नाही.

‘खिलाडूवृत्ती’ला जुनी ओळख लागत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये एव्हर्टन क्लबच्या मैदानावर वेस्ट हॅम या पाहुण्या क्लबच्या पाओलो दी कानियोकडे गोलसमोर चेंडू आला. बरोबरी होती, एव्हर्टनचा गोलरक्षक दुखापतीने खाली पडला होता. दी कानियोने चेंडू चक्क हातांनी झेलला आणि खेळ थांबवला. एव्हर्टनचं तो काही देणं लागत नव्हता. ही निखळ खिलाडूवृत्ती. पुढे फिफाने त्याबद्दल त्याचा गौरवही केला.

आता ‘सवंगडी’. शब्द गोड आहे, पण त्यात लहानपण आहे, गोकुळातला खेळ आहे. एकाच अकादमीत पोरवयापासून वाढलेल्या खेळाडूंसाठी तो बिनधास्त वापरा. बातमीत ‘माजी सहकारी’ ठीक, जरा कचेरीतला वाटला तरी. लेखात मी ‘जुने साथीदार’ लिहीन.