फेंटानिलचा पॅच, ट्रामाडॉलची गोळी आणि कायदा

नाशिकजवळच्या शिंदे गावात 2023 साली एमडीचा कारखाना सापडला, तेव्हापासून नाशिककरांच्या पत्रांत सगळं काही 'ड्रग्ज' या एकाच शब्दात कोंबलेलं असतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते तरतरी आणणारं रसायन. आजची पत्रं त्याबद्दलची नाहीत. अफूसारखं काम करणारी, पण प्रयोगशाळेत जन्मलेली औषधं हा आजचा विषय.

वडिलांना कॅन्सर आहे. डॉक्टरांनी फेंटानिलचे पॅच दिलेत. शेजारचे काका म्हणतात, घरात ठेवले तर पोलीस येतील. (गंगापूर रोड)

काकांनी अमेरिकेच्या बातम्या पाहिल्या असणार. फेंटानिल 1960 च्या सुमारास तयार झालं ते भूल आणि वेदनाशमनासाठीच. मॉर्फिन या अफूपासूनच्या वेदनाशामकाच्या साधारण शंभरपट जोर, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 8 अमली पदार्थ बाळगायला बंदी घालतं, पण वैद्यकीय वापराची सूटही त्याच कलमात आहे. शिवाय 2014 ची दुरुस्ती झाली ती रुग्णांसाठी. तिच्यामुळे मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि रुग्णालयांना ढीगभर परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. त्याआधी कागदपत्रांच्या धाकानं कितीतरी डॉक्टर मॉर्फिन ठेवतच नसत आणि रुग्ण तळमळत राहायचे. तो धाक आता तुमच्या घरात कशाला?

चिठ्ठी आणि बिल मात्र पॅचच्या खोक्यातच ठेवा. हेरॉइनची अल्प मात्रा, म्हणजे सौम्य शिक्षेची मर्यादा, 5 ग्रॅम धरतात, फेंटानिलची फक्त 5 मिलिग्रॅम. 100 मिलिग्रॅमला तर व्यापारी मात्रा, म्हणजे सगळ्यात कडक शिक्षेची रेषा, लागते. तासाला 25 मायक्रोग्रॅम सोडणाऱ्या पॅचमध्ये कंपनीनुसार अडीच ते चार मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे नुसतं औषध मोजलं तरी दोन पॅचमध्येच अल्प मात्रेची रेषा गाठली. चिठ्ठी असेल तर हा हिशेब तुमच्या दारी येत नाही.

वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा, मुलांच्या हाती लागू देऊ नका, उरलेले रुग्णालयात परत द्या. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, औषध एकदम अंगात उतरतं. आणि शेजारच्या काकांची कंबर कितीही दुखली तरी त्यांना एकही देऊ नका.

माझं मेडिकल आहे. ओळखीचं गिऱ्हाईक ट्रामाडॉल चिठ्ठीशिवाय मागतं. दोन-चार स्ट्रिपा दिल्या तर काय बिघडतं? (इंदिरानगर)

बरंच बिघडतं. 26 एप्रिल 2018 पासून ट्रामाडॉल हे वेदनाशामक एनडीपीएसच्या यादीत आहे. शेड्यूल एच-1 खालीही ते येतं, म्हणजे डॉक्टर आणि रुग्णाचं नाव रजिस्टरात हवं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

आता वजनाचं बघा, इथेच दुकानदार फसतात. ट्रामाडॉलची व्यापारी मात्रा 250 ग्रॅम. तुम्ही म्हणाल, 50 मिलिग्रॅमच्या गोळीनं तिथवर पोचायला पाच हजार गोळ्या लागतील. पण हिरा सिंग खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसतं औषध नाही, त्यातल्या पिठासकट सगळं वजन मोजायचं. समजा एक गोळी 250 मिलिग्रॅम भरली, तर हजार गोळ्यांतच तुम्ही तिथे पोचता. गोळे कॉलनीच्या घाऊक औषध बाजारातून आणलेलं एखादं खोकं! मग किमान दहा वर्षं शिक्षा, एक लाख दंड, आणि कलम 37 मुळे जामीन दुर्मीळ. बिलाचा माल, रजिस्टर आणि चिठ्ठी यांचा मेळ बसत असेल तर निवांत राहा.

'नायटाझीन' आपल्या यादीत नसेल तर ते कायदेशीर का? (कॉलेज रोड, विद्यार्थी)

आपला कायदा सातबाऱ्यासारखा आहे, नाव लागावं लागतं. रसायनाचा एक कोपरा बदलला की नाव बदलतं. चीननं मे 2019 पासून फेंटानिलचे सगळे भाऊबंद नियंत्रणाखाली आणले, त्यानंतर काळ्या बाजारात नायटाझीन हे अफूसारखंच काम करणारं कृत्रिम रसायन वाढलं. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये शोधलेलं, औषध म्हणून कधीच न विकलं गेलेलं. आपल्याकडे कलम 3 खाली केंद्र सरकार अधिसूचनेनं मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत नवं नाव घालू शकतं. आणि यादीत नाही म्हणजे मोकळं रान, असंही नाही: विनापरवाना औषध विकणं 1940 च्या औषध कायद्यानं गुन्हाच आहे. तुमच्या प्रश्नामागे नुसती जिज्ञासा असावी अशी आशा करते.

मुलगा गोळ्या खातो, 19 वर्षांचा आहे. दवाखान्यात नेलं तर केस होईल का, मॅडम? (सिडको)

ताई, न्या, आजच न्या. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप झाला तरी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएसचं कलम 64-ए खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446. गोळ्या घरीच एकदम बंद करू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. आणि एखाद्या रात्री तो हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद आणि ओठ निळसर दिसले, तर 108 लावा, कुशीवर झोपवा आणि काय खाल्लंय ते डॉक्टरांना लपवू नका. उतारा आहे, नालोक्सोन. पण तो वेळेत द्यावा लागतो.