सासूबाईंच्या अंगणातल्या बैलगाड्या

पत्र: आम्ही वाई तालुक्यातल्या एका गावात राहतो. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात काचबिंदू आहे, आणि पडदाही सुकलाय असं डॉक्टर म्हणतात. दिवाळीपासून तिन्हीसांजेला पडवीत बसल्या की त्यांना अंगणात वीतभर उंचीची माणसं दिसतात. डोक्याला भडक पटके, कधी बैलगाड्यांची रांग. आवाज नाही, ओळखीचं कुणी नाही. बाकी डोकं शाबूत, भिशीचा हिशोब अजून त्याच ठेवतात. त्यांनी फक्त मला सांगितलं. मी “हो, मलाही दिसतात” म्हणून वेळ मारून नेली. आता दिरांना कळलंय. पितर खोळंबलेत, अवसेला देवऋष्याकडे नेऊ, असं ते म्हणतात. नणंद म्हणते, वेड लागायला लागलंय. काय करू?
– एक सून

ताई,

दिरांना एवढंच विचारा: पितर असते तर त्यात निदान सासरे तरी नको होते का? सगळी अनोळखी माणसं कुणाच्या घरचे पितर म्हणायची?

गंमत सोडा. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या खुणा एका ओळखीच्या आजाराच्या आहेत. नजर अधू, डोकं लख्ख, दिसतं पण ऐकू काही येत नाही. त्याचं नाव शार्ल बॉने सिंड्रोम. आपल्याकडचे डॉक्टर चार्ल्स बॉनेट म्हणतात, तेव्हा तपासायला जाल तेव्हा तोच उच्चार करा. जिनिव्हाच्या या निसर्ग-अभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांची हकिकत छापली. आजोबा 89 वर्षांचे, मोतीबिंदू काढूनही दिसणं बेताचंच, बुद्धी मात्र तल्लख. त्यांना माणसं, पाखरं, इमारती, गाड्या दिसायच्या. गाड्या तिथेही होत्या, फक्त बैलांच्या नव्हत्या.

हे समजायला मुलांच्या वहीचं रेघांचं एक पान घ्या. डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच रेघेवर, 8 सेंमी अंतरावर हरभऱ्याएवढा भरीव काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका आणि उजव्याने फुलीकडेच बघत राहा. पान हातभर लांब धरून सावकाश जवळ आणा. साधारण 30 सेंमीवर ठिपका गायब होईल, आणखी जवळ आणलंत की परत दिसेल. नजर ठिपक्याकडे वळली तर प्रयोग फसतो, तेवढं सांभाळा. डोळ्यातून मज्जातंतूंची जुडी जिथून बाहेर पडते तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून ठिपका जातो. पण बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. ठिपक्याच्या जागी भोक दिसत नाही, वहीच्या रेघा सलग दिसतात. तेवढ्या तुकड्यातल्या रेघा तुमच्या मेंदूने भरल्या, तुम्हाला न विचारता. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात हे भोक जन्मापासून असतं आणि मेंदू ते आयुष्यभर बुजवत असतो. डोळा फक्त शिधा आणून देतो, स्वयंपाक मेंदूत होतो.

सासूबाईंचा शिधा आता कमी झालाय. प्रत्येक डोळ्यातून निघणाऱ्या जुडीत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. त्यांचा निरोप एका टप्प्यावर पुढे सोपवला जातो आणि डोक्याच्या मागच्या भागात पोचतो. पडदा सुकला की निरोप कमी येतात. तिथल्या पेशी मग गप्प बसत नाहीत, उलट उतावळ्या होतात आणि आपणहून चेतवल्या जातात. रंगांचं काम एका भागात चालतं, चेहऱ्यांचं दुसऱ्या, जाळी-विटांसारख्या नक्षीचं तिसऱ्या. जो भाग चेतला, ते दिसतं. लंडनच्या संशोधकांनी 1998 मध्ये अशा रुग्णांचे मेंदू त्यांना आकृत्या दिसत असतानाच एमआरआयमध्ये पाहिले. रंगीत काही दिसत होतं तेव्हा रंगांचा भाग जागा होता, चेहरा दिसत होता तेव्हा चेहऱ्यांचा. त्यामुळे “तुम्हाला भास होतोय” म्हणून विषय संपवू नका. सासूबाई कल्पना करत नाहीत, त्यांना खरोखर दिसतंय, फक्त अंगणात काही नाही. तिन्हीसांजेचंही कारण हेच. उजेड उतरलेला, हात रिकामे, नजर एका जागी.

आता तुमच्या “मलाही दिसतात”बद्दल. हे परत म्हणू नका. हे खरं नाही एवढं सासूबाईंना अजून कळतंय, आणि तीच त्यांची मोठी जमेची बाजू आहे. तुम्ही दुजोरा दिलात तर त्या गोंधळतात, खोटं ठरवलंत तर गप्प होतात. बरेच जण वेडं ठरवतील या भीतीने वर्षानुवर्षं हे कुणालाच सांगत नाहीत. सरळ म्हणा, “मला नाही दिसत आई, पण तुम्हाला दिसतंय हे मला पटतं. डोळ्यांमुळे होतं असं.” पुष्कळांची अर्धी धास्ती एवढ्यानेच जाते.

पडवीतला झिरो बल्ब काढा आणि 9 वॅटचा एलईडी लावा, दिवेलागणीच्या आधी अर्धा तास. चित्रं सुरू झाली की डोकं न हलवता डोळे डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, असे 15 ते 30 सेकंद फिरवायचे. नाही गेली तर जोरात पापण्या मिटायच्या, उठून जागा बदलायची, किंवा हात पुढे करून गाडीला “शिवायचं”. प्रत्येकाला यातलं वेगळं काही लागू पडतं, म्हणून पाळीपाळीने करून बघा. त्या वेळी रेडिओ लावा, लसूण सोलायला द्या. एक धोका मात्र खरा आहे. समोर आलेल्या गाडीला वाट द्यायला त्या पायरीवर बाजूला सरकल्या तर खुब्याचं हाड मोडेल. पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा ओढा.

याला हमखास गोळी नाही. काहींचं वर्ष-दीड वर्षात कमी होतं, काहींचं पुढेही राहतं. पण दिसणं जेवढं सुधारेल तेवढी चित्रं कमी होण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिली फेरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चष्म्याचा नंबर, काचबिंदूचा दाब, आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदूही आहे का, हे तपासून घ्या. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात गेलात तरी चालेल. जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवीच्याही. त्यातल्या काहींनी म्हातारपणी भास होतात.

आवाजही यायला लागले, ती माणसं खरीच आहेत असं त्या ठामपणे म्हणू लागल्या, चाल घसटत झाली, हात थरथरायला लागले किंवा झोपेत हातपाय झाडायला लागल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंश असतो, त्यात असंच दिसतं. भास थांबवायच्या काही गोळ्या त्या आजारात जिवावर बेततात, तेव्हा मेडिकलवाल्याकडून परस्पर काही आणू नका. एका दिवसात अचानक बरळायला लागल्या तर लघवीचा संसर्ग, साखर, सोडियम यांची तपासणी त्याच दिवशी. नजरेवर पडदा ओढल्यासारखं झालं किंवा अर्धी बाजू एकदम दिसेनाशी झाली तर अवसेची काय, सकाळचीही वाट बघायची नाही. नणंदेला बोलायचं असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

देवऋष्याचं म्हणाल तर दिरांशी भांडू नका. आधी डोळे दाखवू, मग बघू, एवढंच म्हणा. पण तिथे मिरचीची धुरी किंवा मारहाणीची भाषा निघाली तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला तो हा कायदा. आणि आधीच अधू असलेल्या डोळ्यांना धुरी, हे कायदा नसता तरी नकोच.

ता. क. डोळ्यांत मध किंवा तूप घालायला कुणी सांगेल, घालू नका. काचबिंदूचे थेंब मात्र चुकवू नका. एक थेंब टाकला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा 1 ते 2 मिनिटं बोटाने दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये 5 मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.